काळ्या रानाचे टायर

उदगीर, १९ मे

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल दुकानात वाचला. ‘मामंजी, गाडीला ऑल-टेरेन टायर टाकायचेत. २६५ बसतील का?’ एवढंच. मागे काही नाही, पुढे काही नाही. आपला वीरेश देवाघरी गेल्यावर तू दोन वर्षांच्या शिवानीला शेजारी बसवून, त्याची फोर-बाय-फोर पिकअप स्वतः चालवत मुदखेडला माहेरी गेलीस, त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत सणासुदीलासुद्धा एक अक्षर नाही, आणि आलं ते टायरचं माप. बरोबर आहे, टायरवाल्याची सून दुसरं काय विचारणार! पण मामंजी म्हणालीस. मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचलं.

फोनच करणार होतो. पण कॉम्प्रेसरच्या धडधडीत आयुष्य काढून माझे कान कामातून गेलेत, हे तुला ठाऊक आहे. मी ‘काय? काय?’ करतो, समोरचा ओरडतो, आणि मला सोडून सगळ्या घराला ऐकू जातं. मेसेज लिहायला घेतला तर बोट एका अक्षरावर पडतं आणि उमटतं तिसरंच. म्हणून पत्र.

तर टायर. बसायला बसतील. चालणार नाहीत.

टायरवरचे आकडे तुला वीरेशने शिकवले होते, तरी परत सांगतो, कारण हा प्रश्न तुझा एकटीचा नसावा असा मला संशय आहे. आपल्या गाडीचं माप २३५/७५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या शेकडा किती टायरची बाजू उंच आहे तो. शेवटचा रिमचा, इंचात. २६५ घेतला की टायर दोन बोटं रुंद होतो आणि उंचीलाही वाढतो. गाडी पैलवान दिसते. नांदेडच्या रस्त्याला उभी केली तर चार लोक वळून बघतील. पण आपली गाडी लोकांनी बघावी म्हणून आहे, की माल काढावा म्हणून?

काळी माती पावसात काय करते ते मी तुला सांगायला नको. चप्पल घालून रानात गेलं की चपलेखाली मातीची दुसरी चप्पल तयार होते. तीच माती टायर उचलून वर नेतो आणि मडगार्डच्या आत थापतो. मध्ये जागा असेल तर ती गळून पडते. जागा नसेल तर थरावर थर बसत जातो आणि शेवटी चाकच फिरत नाही. लोक म्हणतात, गाडी रुतली. रुतलेली नसते, चाकं जाम झालेली असतात. इंजिन नुसतं बोंबलत राहतं.

तोंडार गावचं रान विसरलीस? तुझ्या अंगाची हळद अजून उतरायची होती. वीरेशने मला न विचारता लातूरहून असेच रुंद टायर टाकून आणले आणि तुला फिरवायला घेऊन गेला. चाकं जाम. तू नवीन इरकल साडी खोचून पहारीने मडगार्डातली माती उकरलीस. घरी आलात तेव्हा दोघांचे फक्त दात पांढरे होते. तुझ्या सासूबाई हसून हसून पायरीवर बसल्या. ते टायर उतरवेपर्यंत मी त्याला दुकानात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

हे सगळं ज्या बाईने बघितलंय, ती २६५ कसं विचारते?

मला एवढं कळव. गाडी कोण चालवतं? ओझं कसलं? रान कुठलं? जुन्या टायरचे फोटो पाठव, कडा कुठून घासल्यात ते दिसेल असे. शिवानी कशी आहे, हे मी विचारत नाही. टायरच्या फोटोत ती मध्ये आली तर माझी हरकत नाही.

तुझे मामंजी,
गुरुपादप्पा

ता. क. सासूबाई बऱ्या आहेत. तू विचारलं नाहीस, मीच सांगतोय.


उदगीर, ४ जून

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. निरोपही मिळाला, ‘गाडी शिवहार म्हणून आहेत ते चालवतात. केळी वाहतो. मुदखेड आणि अर्धापूरकडची रानं.’ आता बोलता येईल.

टायरच्या दोन्ही कडा घासल्यात आणि मधलं रबर शाबूत आहे. म्हणजे ओझं जास्त आणि हवा कमी. तुमचे शिवहारराव चिखलात चाक धरावं म्हणून हवा सोडतात, ते बरोबर करतात. पण डांबरीवर आल्यावर परत भरत नाहीत. आळस! गाडीत हवा भरायचा छोटा पंप ठेवायला सांग. रानात कमी, रस्त्यावर पुरी. हे माझं नाव घेऊन सांग, तुझं घेऊ नकोस, पुरुषाच्या जातीला बाईने टायरचं सांगितलेलं मनाला लागतं.

केळीच्या रानाला बारा महिने पाणी. म्हणजे आभाळ कोरडं असलं तरी तुमच्याकडे चिखल आहेच. अशा रानात अरुंद टायर वरचा राडा चिरून खालच्या घट्ट मातीला लागतो. रुंद टायर वर तरंगायला बघतो. निव्वळ वाळूत काम असतं तर मीच म्हणालो असतो, घे रुंद. निव्वळ चिखलाचे मोठ्या बटनांचे टायरही घेऊ नका. ते रानात वाघ आणि डांबरीवर भुंगा, नांदेडपर्यंत कान किटतील आणि रबर उडून जाईल. तुमचं अर्धं काम रानात, अर्धं रस्त्यावर, म्हणून ऑल-टेरेनच बरे. मापाच्या पुढे ओझ्याचा एक आकडा असतो, तो कमी असलेला टायर फुकट मिळाला तरी नको. आणि चारही चाकांना एकच माप. पाचवा, स्टेपनीचाही, तोच. फोर-बाय-फोरला एक चाक लहान आणि एक मोठं चालत नाही, आतला गिअर खाऊन टाकतं.

आता फोटोचं. शिवानी आली आहे फोटोत. मागच्या चाकाशेजारी उभी आहे, पुढचे दोन दात गायब. मी फोन घरी नेला. तुझ्या सासूबाईंनी बघितला आणि परत द्यायचं नाव नाही. मग म्हणाली, “किती उंच झाली ओ? फोटोत काय कळंना.” मी म्हटलं, टायरवाल्याच्या घरात हे विचारायचं? २३५ चा टायर एकोणतीस इंच उंच असतो. पोरगी त्याच्या दीडपटीपेक्षा जरा वर. म्हणजे पावणेचार फूट. ती उठली, भिंतीशी गेली, आणि मला माप धरायला लावून तिथे तळवा ठेवला. म्हणाली, “इथवर?” मी म्हटलं, हाव. तिने तळवा बराच वेळ काढला नाही.

तू जाताना ती तुला पायगुणाचं बोलली होती, ते मला माहीत आहे. वीरेशला डेंग्यूने नेलं. लातूरच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या लावून लावून माणसं थकली, आणि डेंग्यूच्या डासाला कुणाचा पायगुण ठाऊक नसतो. तिलाही हे कळतं. कळतं म्हणूनच ती त्यावर बोलत नाही.

शिवानीने फोटोत कुणाचा तरी हात धरलाय. मनगटात तांब्याचं कडं आहे. तुझा भाऊ कडं घालत नाही. मी काही विचारत नाही. टायर मागवतो.

तुझे मामंजी,
गुरुपादप्पा


उदगीर, २३ जून

रुद्राणी,

तुझे धोंडप्पामामा परवा दुकानात आले होते. मला वाटलं, पंक्चर असेल.

माणूस बिचारा तोंड लहान करून, कानाशी येऊन हळू बोलायला लागला. मला काही ऐकू येईना. मी म्हटलं, जोरात बोला. त्यांनी जरा आवाज चढवला. मी म्हटलं, अजून. शेवटी वैतागून ते ओरडले, “गुरुपादप्पा, पोरीची उडकी करावं म्हनून राहिलो आम्ही! दुसरं लगन! शिवहारसंगं!” चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. सगळ्या नाक्याला कळलं आणि मग मला.

मी शटरला टेकलो. त्यांनीच मला पाणी दिलं.

मग सांगितलं त्यांनी. शिवहारची पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आपल्यातलाच आहे, गळ्यात लिंग आहे, व्यसन नाही. “पोरीला लई जपतो. ती बी त्याच्या मागं मागं असती,” असं म्हणाले. पुढचं मला पाठ आहे. आपल्या भावकीत सुनेची उडकी करायची तर पहिल्या घराचा होकार लागतो. ते घर हो म्हणालं की बाई मोकळी. पण मूल त्या घरचं, ते त्या घरात राहतं. आणि बाईने परत त्या घराचा उंबरा ओलांडायचा नसतो. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण माझ्या चुलत्याच्या घरी असंच झालं, आत्याच्या घरीही असंच झालं. श्रावण लागायच्या आत जबाब द्या, असं म्हणून धोंडप्पामामा गेले.

घरी तुझ्या सासूबाईंना सांगितलं. भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “बाईनं जावं. तरनीताठी हाय, कुठवर बसंल. पोर न्यायची न्हाई.” मी म्हटलं, आईपासून तोडायची का? तर कन्नडवर उतरली. ती रागात माहेरच्या बोलीत जाते, तुला आठवत असेल. “ब्याड,” म्हणाली, “नको, मला काही सांगू नका. माझ्या वीरेशचं एवढंच तर हाय.”

मला तुझा राग आला आहे, रुद्राणी. लग्नाचा नाही. वीरेश गेला तेव्हा तू चोवीस-पंचवीसची होतीस, जन्मभर पांढऱ्या कपाळाने बस असं म्हणणारा मी कोण? राग याचा, की मला टायरचं विचारलंस आणि हे नाही विचारलंस. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग दुकानात बसल्या बसल्या कळलं. २६५ शिवहारला पाहिजे होते. तोंडारच्या रानात काय झालं ते तुला पक्कं आठवत होतं, पण मेलेल्या नवऱ्याची गोष्ट होणाऱ्या नवऱ्याला सांगायची कशी? म्हणून माझ्याकडून वदवून घेतलंस. शहाणी आहेस. आणि एवढ्यासाठी का होईना, तुला मीच आठवलो.

पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मलाही शिवानी पाहिजे. सासूबाई एकटी म्हणत नाही, मीही म्हणतोय. या घरात संध्याकाळी कुणाला हाक मारायची राहिलेली नाही. आम्ही दोघं एकमेकांना हाक मारत नाही, समोरासमोरच बसलेलो असतो.

टायर आलेत. गाडी घेऊन या. शिवानीला आण. जबाब त्या दिवशी देईन.

गुरुपादप्पा


उदगीर, १३ जुलै

चि. रुद्राणी,

शिवानी तुझ्यापाशी पोचली, म्हणजे जबाबही पोचला. तरी काय झालं ते माझ्याकडूनही ऐक. शिवहारला अर्धंच ठाऊक आहे, तो गाडीपाशी होता.

‘मी येत नाही. शिवानीला त्यांच्याबरोबर पाठवते. तुम्ही ठरवाल ते.’ हा तुझा मेसेज मी दोनदा वाचला. इतका भरवसा कुणी कुणावर टाकावा? भावकीतले म्हणत होते, पोर दारात आली की ठेवून घ्या, मागाहून कोण विचारतंय. आणि मी त्यांना नाही म्हणत नव्हतो. तिच्यासाठी लहान पलंग आणला होता. जवळच्या शाळेत पहिलीत जागा आहे का, तेही विचारून आलो होतो. हे सगळं चालू असताना तू तिला पाठवलीस.

२६५ मागणारा माणूस मिशांना पीळ देणारा असेल, असं मी धरून चाललो होतो. गाडीतून उतरला काडीपैलवान. चपला दुकानाबाहेर काढून आत आला. टायरच्या दुकानात कुणी चपला काढतं का? नमस्कार केला आणि जरा वेळाने चाचरत म्हणाला, “मामा, रुंद न्हाईच चालनार म्हनता? गाडी भारी दिसती ओ.”

मी त्याला स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं आणि टायर व मडगार्डच्या मध्ये हात घालायला सांगितला. म्हटलं, रुंद टाकल्यावर ही एवढी जागा पण राहणार नाही. त्यात काळी माती भरली तर काय करतोस?

“जाम व्हत्याल चाकं.”

“मग?”

“मग पहारीनं उकरायचं.”

“पहार कुणाच्या हातात?”

तुझ्यासारखाच शहाणा असावा, त्याने पुढचं विचारलं नाही. म्हणाला, “तिच्या हातात न्हाई देनार मामा. दोनशे पस्तीसच टाका.” मला तो आवडू नये अशी माझी फार इच्छा होती.

शिवानीला मी घरी नेऊन सोडलं. तुझ्या सासूबाईंनी पहाटेच उठून गव्हाची हुग्गी केली होती, वीरेशला लागायची तशी, गूळ जास्त घालून. पोरगी आधी माझ्यामागे लपली. मग वाटी चाटून पुसून खाल्ली. सासूबाईंनी वीरेशचा फोटो बाहेर काढला आणि विचारलं, “ह्ये कोन?” पोरगी लगेच म्हणाली, “माझे पप्पा.” तुझ्या सासूबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. रुद्राणी, तू पोरीला बाप विसरू दिला नाहीस. आम्हा दोघांवर तुझे उपकार आहेत.

मी दुकानात जाऊन एकेक टायर चढवत होतो, आणि मुद्दाम सावकाश चढवत होतो. काम संपवून घरी गेलो तर दोघी सोप्यात बसलेल्या. सासूबाईंनी तिची वेणी घालून दिली होती. पलंग दाखवून झाला होता. “ऱ्हाशील का इथंच?” असं ती माझ्यासमोर विचारत होती. “मी रोज हुग्गी करीन. आप्पा शाळंत सोडतील.”

शिवानीने पलंगाकडे बघितलं. तिला तो आवडला होता, खोटं कशाला बोलू. म्हणाली, “राहीन. पण मम्मीला पण बोलवा.”

“मम्मीला यायचं न्हाई गं बाळा.”

“मग नाही,” पोरगी म्हणाली. “मम्मी झोपेतून दचकून उठते. मग मला हात लावून बघते, आहे का म्हणून. मी नसले तर ती कुणाला हात लावणार?”

मला एवढं सगळं ऐकू कसं आलं, विचार. नाही आलं. सासूबाईंचं तोंड बघून कळलं काहीतरी झालंय. मी ‘काय म्हणाली? काय म्हणाली?’ करत होतो आणि ती सांगत नव्हती. मग माझ्या कानाशी येऊन तिने ते पोरीचं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं. वीरेश गेल्यापासून तीही तशीच दचकून उठते. शेजारच्या खोलीत जाऊन त्याच्या अंथरुणावरून हात फिरवते आणि परत येते. मी जागा असतो, पण आम्ही त्यावर बोलत नाही.

तिने पोरीला कडेवर घेतलं. पावणेचार फुटांच्या पोरीला, या वयात, गुडघे दुखत असताना. मी म्हटलं, चालू दे तिला. ऐकलं नाही. दुकानापर्यंत घेऊन आली, आपल्या हाताने गाडीत बसवली, पट्टा लावला. शिवहारला म्हणाली, “सावकाश ने रे. पाऊस हाय.” तो वाकून पायांवर डोकं ठेवायला लागला तर तिने ठेवू दिलं.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, भावकीला काय सांगायचं? म्हणाली, “मी सांगते त्यांला. एक आई या घरात अशी बसलीया, तेवढी बास. दुसरी न्हाई बसवायची मी.”

पलंग तसाच आहे. त्याचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही.

तुझे मामंजी,
गुरुपादप्पा


उदगीर, १९ जुलै

चि. सौ. कां. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

भावकी बसली होती. आम्ही होकार दिला. पोर आईबरोबर जाईल, असंही सांगितलं. बरीच तोंडं वाकडी झाली. चुलतभाऊ म्हणाला, रीत मोडली. मला त्या वेळी ऐकू आलं नाही. बहिरेपणाचा कधी कधी फार उपयोग होतो.

पण सगळी रीत मला मोडता आली नाही. मूल दिलंत ते दिलंत, बाईने उंबरा ओलांडायचा नाही हे तरी राखा, असं म्हणून ते अडून बसले, आणि तुझ्या सासूबाई थकल्या होत्या. मी मान हलवली. तेव्हा या घरात तुला आता येता यायचं नाही. शिवानीलाही तू इकडे एकटीला कशाला पाठवशील, आणि का पाठवावंस? तिला आता आजी-आजोबा तिकडे मिळतील, शिवहारचे आईवडील आहेत असं धोंडप्पामामा म्हणाले. त्यांनाही नात नाही. त्यांच्याकडे रुळू दे तिला. आमच्याकडे ओढ लावून ठेवू नकोस.

दुकानाचं मात्र कुणी काही बोललं नाही. दुकानाला उंबरा नाही, शटर आहे. गिऱ्हाईक कुठूनही येतं. टायर घासले की तुम्ही गाडी घेऊन याल आणि काम होईपर्यंत बाकड्यावर बसाल, त्यात कुणाचं काय जातंय? तेव्हा सासूबाई चहा घेऊन दुकानात येईल. तिला मी हे सांगितलंय. परवापासून रोज विचारते, टायर किती दिवसांत घासतात हो?

तिला सांगितलं नाही ते तुला सांगतो. २३५ चे दोन प्रकार माझ्याकडे आले होते. एक मऊ रबराचे, एक टणक. मऊ लवकर झिजतात. केळीच्या ओझ्याखाली दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत संपले असते, आणि तुम्हाला इकडे यावंच लागलं असतं. दिसायला दोन्ही सारखेच. शिवहारला काही कळलं नसतं, तुलाही नाही. त्या दिवशी मी मऊ हातात घेतला. एक रिमवर चढवलाही.

मग उतरवला. पोरगी त्या गाडीत बसून जाणार होती. टणक टाकलेत, पाचही. ओझं सोसतात, काट्याकुट्याने फाटत नाहीत, आणि रोज रानात-रस्त्यावर पळवले तरी चार-पाच वर्षं त्यांच्याकडे बघायला नको. माझी सत्तरी उलटून गेली आहे, आणि सासूबाईही माझ्या मागेपुढेच.

लग्न नीट पार पाडा. हवा वेळच्या वेळी भरत जा, टायर आणखी जास्त चालतील.

गुरुपादप्पा,
टायरवाले, उदगीर